रनवे २५, मावळतीचा सूर्य आणि ६/६ ची नजर

इंदूरच्या विमानतळाची धावपट्टी ०७/२५ (दोन्ही टोकांच्या दिशा अंशांत, शेवटचं शून्य गाळून). पूर्वेकडून येऊन २५ वर उतरताना विमानाचं नाक साधारण २५० अंशांवर असतं. इंदूर २२.७ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २१-२२ डिसेंबरला इथला सूर्य २४४-२४५ अंशांच्या आसपास मावळतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मावळती याच पाच-सहा अंशांच्या पट्ट्यात मागेपुढे सरकते. म्हणजे जवळजवळ दहा आठवडे, संध्याकाळच्या शेवटच्या अर्ध्या तासात २५ वर उतरणाऱ्याच्या थेट समोर सूर्य. वारा ईशान्येचा असेल तर ०७ मिळते आणि सूर्य पाठीशी जातो. वारा पडलेला असेल तर तेवढं नशीब नाही. मे महिन्यात पहाटे ०७ वर हाच प्रकार उगवत्या सूर्याचा. जूनअखेर ढग येतात आणि तो प्रश्न तेवढ्यापुरता मिटतो.

समोरच्या उजेडाने दिपून दृश्य पुसट होणं म्हणजे ग्लेअर, आणि वैमानिकाची ग्लेअर चाचणी नीट कशी घ्यायची हा इथला विषय. त्याआधी या समोरच्या सूर्याचा हिशोब करू. सूर्य क्षितिजाच्या ५ अंश वर आहे. विमान ३ अंशांच्या उतरणीवर आहे आणि नजर धावपट्टीच्या टोकावर, म्हणजे क्षितिजाखाली ३ अंश. नजरेची रेषा आणि सूर्य यांच्यात ८ अंशांचं अंतर. डोळ्याच्या आत विखुरलेला उजेड मोजायचं एक जुनं, भरवशाचं सूत्र आहे, स्टाइल्स आणि हॉलाडे यांचं: डोळ्यावर पडणारे लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) गुणिले १०, भागिले कोनाचा वर्ग. ३ ते ३० अंशांपर्यंत ते बरं चालतं. धुळकट संध्याकाळी थेट उन्हाचे १०,००० लक्स डोळ्यावर येतात असं धरलं, तर १,००,००० भागिले ६४, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १,५६० कॅन्डेला (हे चमकेचं माप). हे उजेडाचं धुकं वैमानिकाच्या डोळ्यातच तयार होतं आणि समोरच्या सगळ्या दृश्यावर सारखं पसरतं. धावपट्टीची स्वतःची चमक समजा १,५०० असेल, तर तिच्यावरच्या प्रत्येक खुणेचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे आजूबाजूच्या तुलनेतला उठाव, निम्म्याहून थोडा खाली येतो.

आणि हे तरुण, निरोगी डोळ्याचं गणित. वयासाठी याच सूत्राला गुणक लावतात: वय भागिले ७०, त्याचा चौथा घात, अधिक १. पस्तिशीत ६ टक्के वाढ, म्हणजे नगण्य. साठीला ५४ टक्के, सत्तरीला दुप्पट. मोतीबिंदू यात धरलेलाच नाही.

नेहमीचा तक्ता हे पकडत नाही, आणि त्याचं कारण सोपं आहे. ६/६ ची अक्षरं पांढऱ्यावर काळी असतात, कॉन्ट्रास्ट ९० टक्क्यांच्या पुढे. डोळ्यात धुकं पसरून तो ४५ वर आला तरी अक्षर वाचता येतं, फार तर एखादी ओळ मागे. तेच १० टक्के कॉन्ट्रास्टचं फिकट अक्षर ५ टक्क्यांवर आलं की गायब होतं. धुळीतलं दुसरं विमान, ओल्या डांबरावरची पुसट पिवळी रेघ, संधिप्रकाशात टॅक्सीवेवर उभा माणूस ही सगळी फिकट अक्षरं आहेत. त्यामुळे ‘माझी नजर ६/६ आहे, मला ग्लेअर चाचणी कशाला’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही.

नियमांचं थोडक्यात. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या) परिशिष्ट १ मध्ये क्लास १ साठी, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या मेडिकलसाठी, प्रत्येक डोळ्याला ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६, चष्म्यासह किंवा चष्म्याविना, असं मोजमाप दिलंय. ग्लेअरसाठी असा आकडा नाही. मात्र नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर तिचे उड्डाणात अडथळा आणतील असे दुष्परिणाम मागे राहिलेले नसावेत ही अट आहे. युरोपची नियमावली त्यात स्पष्ट आहे: नंबर दिवसभरात ०.७५ डायॉप्टरपेक्षा जास्त हलता कामा नये, ग्लेअरची संवेदनशीलता सामान्य हवी आणि मंद उजेडातला कॉन्ट्रास्ट बिघडलेला नको. आपल्याकडे फ्लाइंगला जाणारी मुलं आधी क्लास २ आणि मग क्लास १ मेडिकल करतात, आणि त्यातली बरीच लॅसिक किंवा पीआरके या नंबर घालवायच्या लेसर शस्त्रक्रिया करूनच येतात. आमच्या मते ग्लेअरची नोंद शस्त्रक्रियेच्या आधीही घ्यायला हवी. आधीचा आकडा हातात नसला की नंतरच्या आकड्यावर नुसता वाद होतो.

चाचणीचं तत्त्व एकच: तोच डोळा, तोच चष्मा, तोच तक्ता, एकदा दिव्याशिवाय आणि एकदा दिव्यासह. उत्तर म्हणजे या दोन आकड्यांमधला फरक. नुसता दिव्यासहचा आकडा लिहून दिला तर त्यावरून काहीच कळत नाही.

क्रम चुकला की सगळं चुकतं. ग्लेअर चाचणी सर्वांत आधी. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर ती त्या दिवशी करायचीच नाही. डोळ्याचं प्रेशर टेकवून मोजलं असेल तर बुबुळाचा पृष्ठभाग आणि वरचा अश्रूंचा थर दोन्ही विस्कटलेले असतात, तेव्हाही नको. स्लिट लॅम्पचा (डोळा मोठा करून बघायच्या यंत्राचा) झोत आणि रेटिनाचा फोटो हेही नंतर. विमान चालवताना जो चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स घालतात, त्यावरच चाचणी घ्यायची, पण आधी चष्मा भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि वाहतं पाणी घेऊन धुवून, मऊ कापडाने टिपून. शर्टाच्या टोकाने पुसलेली काच बल्बसमोर तिरकी धरून बघा, दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतील. तेही उजेड विखुरतात, आणि दोष डोळ्याच्या माथी येतो.

कॉन्ट्रास्ट तपासायचा पेली-रॉबसन तक्ता बहुतेक ठिकाणी मिळतो. तिघातिघांच्या गटातली मोठी अक्षरं, सगळी एकाच आकाराची, आणि प्रत्येक गट आधीच्यापेक्षा ०.१५ लॉगने (सुमारे ३० टक्क्यांनी) फिकट. अंतर १ मीटर. तक्त्याची चमक ८५ कॅन्डेला हवी, ६० ते १२० पर्यंत चालते. चमक मोजायचं यंत्र नसेल तर लक्समीटर पुरतो. पांढरा कागद ८० टक्के उजेड परत फेकतो असं धरलं, तर ८५ गुणिले पाय भागिले ०.८, म्हणजे ३३४ लक्स. मीटर तक्त्याला टेकवून, तोंड खोलीकडे करून, चारही कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच आकडे घ्या. एका बाजूच्या ट्यूबलाइटमुळे डावीकडे ४५० आणि उजवीकडे २२० निघतात, हे नेहमीचं. दिवा माणसाच्या डोक्यामागे असेल तर त्याची सावली पडते, आणि वरून तिरका असेल तर तक्त्यावर चमकतो. दोन्ही टाळायचं.

वाचून घेताना घाई नको. शेवटच्या गटाशी आल्यावर माणूस चटकन ‘दिसत नाही’ म्हणतो. त्याला वीस-तीस सेकंद बघत राहायला सांगा, अंदाज करायला लावा. फिकट अक्षर हळूहळू वर येतं. सी आणि ओ यांची अदलाबदल बरोबर धरायची. गुणांकन: बरोबर अक्षरांतून ३ वजा, उरलेली गुणिले ०.०५. तरुण डोळा १.८ च्या आसपास येतो. दुसऱ्या फेरीला तक्त्याची दुसरी मालिका वापरा, नाहीतर माणूस पाठांतरावर पास होतो, आणि मेडिकलला आलेला विद्यार्थी पाठांतरात तरबेज असतोच. दोन फेऱ्यांत तीन अक्षरांपर्यंतचा फरक दिव्याशिवायही पडतो, म्हणून ०.१५ च्या घसरणीवर काही बोलू नये. ०.३०, म्हणजे दोन पूर्ण गट गेले, तर मात्र ती घसरण खरी.

आता दिवा. तक्त्याच्या दोन बाजूंना टेबल लॅम्प लावून ‘ग्लेअर’ म्हणायची पद्धत सर्रास दिसते, आणि तिच्यात मोठी गोम आहे. तक्ता सुमारे ६० सेंटिमीटर रुंद. १ मीटरवरून मध्यापासून कडेपर्यंत १७ अंश होतात. डावीकडचं अक्षर वाचताना डावा दिवा ७-८ अंशांवर, मधलं वाचताना तोच १७-१८ अंशांवर. कोन निम्मा झाला की डोळ्यातलं धुकं चौपट होतं. म्हणजे एकाच ओळीतल्या अक्षरांना वेगवेगळ्या परीक्षा. यापेक्षा छोटं, फिकट अक्षरांचं एकच कार्ड मध्यभागी ठेवा आणि दोन्ही बाजूंना कार्डाच्या मध्यापासून १७.६ सेंटिमीटरवर दिवे लावा. १ मीटरवरून तो बरोबर १० अंशांचा कोन. दिव्याचा उजेड कार्डावर पडू नये म्हणून दोन्ही दिव्यांना काळ्या पुठ्ठ्याची नळी लावायची, तोंड डोळ्याकडे. आणि लक्स मोजायचे ते डोळ्यापाशी, दिव्यापाशी नव्हे.

दिवा हॅलोजन असेल तर व्होल्टेजकडे बघा. त्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो: २३० चे २२० झाले की उजेड १४ टक्क्यांनी कमी. उन्हाळ्यात दुपारी सगळीकडे कूलर आणि एसी चालू असताना व्होल्टेज दहा-पंधराने सहज हलतं, आणि इन्व्हर्टरवर गेल्यावर आकडा आणखी वेगळा. स्टॅबिलायझर लावा, किंवा स्थिर करंटच्या ड्रायव्हरवरचा एलईडी वापरा.

ब्राइटनेस अॅक्युइटी टेस्टर, ज्याला सगळे बॅट म्हणतात, तो हातात धरायचा अर्धगोल वाडगा. ६० मिलिमीटर व्यास, आतून पांढरा आणि उजळ, मध्ये १२ मिलिमीटरचं भोक. त्या भोकातून तक्ता वाचायचा. तीन पातळ्या: १२, १०० आणि ४०० फूट-लँबर्ट, म्हणजे साधारण ४१, ३४३ आणि १,३७० कॅन्डेला. सर्वांत वरची पातळी डोक्यावरच्या कडक उन्हासाठी. तीवर निरोगी डोळाही ओळ-दोन ओळी गमावतो, म्हणून निवाडा मधल्या पातळीवर करावा. पहिलं वाचन वाडगा डोळ्याला लावून पण दिवा बंद ठेवून घ्यायचं. वाडगा न लावता घेतलं तर भोकाचा परिणाम उजेडाच्या नावावर जमा होतो. चष्म्यावरून धरताना वाडगा पुढे सरकतो, कलतो, आणि माणूस भोकाच्या कडेतून बघायला लागतो. दांडी तुम्हीच धरा. दिवसभराच्या वापरानंतर दांडीतली बॅटरी उतरलेली असते, तेव्हा सकाळचे आणि संध्याकाळचे आकडे एका वहीत लिहून तुलना करू नका.

बॅटचा एक दोष वैमानिकांच्या बाबतीत महत्त्वाचा. उजळ वाडग्यात बाहुली आक्रसून २-३ मिलिमीटर होते. लॅसिकनंतरचा त्रास बहुतेकदा उपचार केलेल्या भागाच्या कडेला असतो. तो भाग ६ ते ६.५ मिलिमीटरचा, आणि तरुणाची बाहुली रात्री ७ पर्यंत उघडते. बॅटमध्ये ती कड बाहुलीच्या आडच जाते, सुईच्या भोकातून बघितल्यासारखं सगळं स्वच्छ दिसतं, कधी तर दिव्याशिवायपेक्षाही बरं. रिपोर्टवर ‘ग्लेअर नॉर्मल’ आणि रात्री धावपट्टीच्या प्रत्येक दिव्याभोवती भलंमोठं कडं. त्यामुळे लॅसिक झालेल्यासाठी नुसत्या बॅटवर भागत नाही. उलट भिंगाच्या मागच्या बाजूला, अगदी मध्यावर मोतीबिंदूचा डाग असेल तर बाहुली आक्रसताच तो डागच वाट अडवतो, आणि तिथे बॅट फार उपयोगी.

अंधारातल्या परीक्षेसाठी मेसोटेस्टसारखं यंत्र. आत फट असलेली कडी दिसते, फट कुठल्या बाजूला ते सांगायचं. कडी मोठी असते, ६/६० च्या अक्षराएवढी, कारण प्रश्न बारीक दिसण्याचा नाही, पुसट दिसण्याचा आहे. पार्श्वभूमी दिव्याशिवाय ०.०३२ कॅन्डेला, दिव्यासह ०.१. दिवा डावीकडे ३ अंशांवर, समोरून येणाऱ्या गाडीसारखा. कॉन्ट्रास्ट १:२३ पासून सुरू होऊन १:५, १:२.७, १:२ असा कठीण होत जातो. आधी १० मिनिटं अंधारात बसवणं सक्तीचं, आणि नेमकं तेच टाळलं जातं, कारण बाहेर रांग असते. त्या दहा मिनिटांत उमेदवाराने मोबाइल बघितला तर घड्याळ पुन्हा शून्यापासून.

डोळ्यातला विखुरलेला उजेड थेट मोजणारं यंत्र म्हणजे सी-क्वांट. नळीत बघायचं. ५ ते १० अंशांवरचं एक कडं लुकलुकतं, आणि मधल्या वर्तुळाचे दोन अर्ध. डोळ्यात विखुरलेल्या उजेडामुळे मधला भागही लुकलुकल्यासारखा वाटतो. एका अर्धात यंत्र भरपाईचा उजेड टाकतं, आणि कुठला अर्ध जास्त लुकलुकतो त्याचं बटण दाबायचं. ठरवता येत नसलं तरी एक बटण दाबायचंच. दोन मिनिटांत संपतं. उत्तर लॉग एककात: तरुण निरोगी डोळा ०.९ च्या आसपास, आणि ०.३ वाढ म्हणजे विखुरलेला उजेड दुप्पट. सोबतचे दोन आकडे बघितल्याशिवाय निकाल मानू नका: ईएसडी (मोजमापातली अनिश्चितता) ०.०८ च्या आत आणि क्यू (उत्तरांचा दर्जा) ०.५ च्या वर. तसे नसतील तर माणूस अंदाजे बटणं दाबत होता. या यंत्राला फसवणं कठीण, कारण कुठलं उत्तर ‘चांगलं’ ते उमेदवाराला कळतच नाही. पण तेही लॅसिकच्या कडेचं कडं पकडत नाही. त्याचं काम उजेडाच्या धुक्याचं. कड्यासाठी काळ्या स्क्रीनवर एक पांढरा ठिपका, खोली अंधारी, आणि कडं कुठपर्यंत येतं ते उमेदवाराला कर्सरने दाखवायला लावणं, एवढा साधा प्रयोग पुरतो. ते दर वेळी सारख्याच अंतरावरून करा.

राहिली रेटिनाची बाजू. ऑप्थॅल्मोस्कोपचा (डोळ्याच्या आत बघायच्या यंत्राचा) झोत डोळ्यापासून २-३ सेंटिमीटरवर धरून १० सेकंद त्यातच बघायला सांगायचं, मग दिवा बंद आणि स्टॉपवॉच सुरू. सर्वांत बारीक वाचता येणाऱ्या ओळीच्या वरची ओळ परत वाचता येईपर्यंतचा वेळ साधारण ५०-६० सेकंदांच्या आत यायला हवा. एका डोळ्याला ४० आणि दुसऱ्याला १२० लागले तर चष्मा किंवा बुबुळ यांवर वेळ घालवू नका, मॅक्युला, म्हणजे रेटिनाचा मध्यभाग, तपासा. ही चाचणी सर्वांत शेवटी, नाहीतर बाकीच्या चाचण्यांवर पाणी.

घसरण सापडली की पहिला संशय कोरड्या डोळ्यावर. कृत्रिम अश्रूंचा एक थेंब, दोन-तीन वेळा पापणी मिटणं, आणि लगेच पुन्हा वाचन. दोन-तीन अक्षरं परत आली तर गोष्ट अश्रूंच्या थराची आहे. माळव्याची धूळ, एसी, दिवसभर सॉफ्ट लेन्स आणि वर विमानातली २० टक्क्यांखालच्या आर्द्रतेची कोरडी हवा, एवढ्यावर तो थर टिकणार कसा. रंगपंचमीच्या गेरनंतरचा (रंगांच्या मिरवणुकीनंतरचा) आठवडा तर इंदुरात चाचणीसाठी बादच धरावा. गुलालाचे कण बुबुळाला खरवडतात आणि कुठलाही आकडा खोटा येतो. त्यानंतर मोतीबिंदू, पीआरकेनंतर बुबुळावर येणारं धुरकटपण, लॅसिकच्या पापुद्र्याखालच्या सुरकुत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी भिंगाची मागची पिशवी धुरकट झाली असेल तर याग लेसरने ती उघडता येते आणि आकडा झटक्यात सुधारतो. मल्टिफोकल लेन्स बसवलेली असेल तर दिव्याभोवतीची कडी त्या लेन्सच्या रचनेतच असतात, लेसरने जात नाहीत.

गॉगलबद्दल दुकानदार पोलराइज्ड काच गळ्यात मारतो. गाडीला ठीक, विमानाला नको. एलसीडी पॅनेल मान कलवताच काळं पडतं, काचेच्या थरांमधले ताण पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात, आणि दुसऱ्या विमानाच्या पत्र्यावरची जी चमक तुम्हाला सावध करते तीच नाहीशी होते. उन्हात काळी होणारी फोटोक्रोमिक काच कॉकपिटमध्ये अर्धवटच काळी होते, कारण तिला लागणारे अतिनील किरण विंडशील्डनेच अडवलेले असतात. साधी करडी किंवा तपकिरी, किमान १५ टक्के उजेड जाऊ देणारी काच चांगली.

आणि विंडशील्ड. लहान ट्रेनर विमानाची ही काच नसते, अॅक्रिलिक असतं, आणि कोरड्या फडक्याने पुसून पुसून त्यावर बारीक गोल ओरखडे पडतात. सूर्य समोर आला की ते त्याच्याभोवती चकतीसारखे पेटतात. उड्डाणाआधी भरपूर पाण्याने धूळ आधी वाहून जाऊ द्या, मग स्वच्छ सुती कापड आणि अॅक्रिलिकसाठीचंच क्लीनर. अमोनियावालं घरगुती काचेचं लिक्विड नको, त्याने बारीक तडे जातात. हात गोल फिरवायचा नाही, वरून खाली सरळ न्यायचा.